रॉक माहितीपट सुचवताना आवृत्तीही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपल्या पुरवणीत वाचक एकमेकांना रॉक संगीतावरचे माहितीपट सुचवत आहेत. बीटल्स, क्वीन, पिंक फ्लॉइड, मेटॅलिका ही नावं मराठी वृत्तपत्रात अशी सलग वाचायला मिळतात, याचा मनापासून आनंद आहे. पण या शिफारशींत एक उणीव सारखी खटकते. नुसतं नाव दिलेलं असतं. एकाच नावाच्या तीन-तीन आवृत्त्या बाजारात असतात, त्यांतली एखादी चक्क बेसूर असते. काही फिल्म कलाकारांनी किंवा त्यांच्या वारसांनी स्वतः निर्मात्याच्या खुर्चीत बसून काढलेल्या असतात. एका गाजलेल्या फिल्ममध्ये तर कधी अस्तित्वात नसलेली माणसं मुलाखती देतात. तेव्हा विनंती अशी, की प्रत्येक शिफारशीसोबत तीन गोष्टी छापाव्यात: कोणती आवृत्ती, ती कोणाच्या ताब्यात तयार झाली आणि ती नीट ऐकायची कशी.

सुरापासून सुरुवात करतो. सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने चालते. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पाल पद्धत २५ चित्रांची. त्यामुळे पाल डीव्हीडी काढताना २४ ची फिल्म बहुतेक वेळा सरळ २५ च्या वेगाने पळवली जायची. वेग चार टक्क्यांनी वाढतो. बोलण्यात हे फारसं जाणवत नाही, गाण्यात मात्र सूर अर्ध्या स्वराच्या सात दशांश इतका चढतो. ४४० हर्ट्झचा ‘ए’ हा स्वर ४५८ वर जातो. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकची पट्टी काळी एककडे निम्म्याहून जास्त सरकते आणि मधेच अडकून राहते. सोबत गिटार घेऊन बसलेल्याला वाटतं आपलंच वाद्य उतरलंय, आणि तो खुंट्या पिळत बसतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: लांबी बघा. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ ११७ मिनिटांची आहे. हातातली प्रत ११२ मिनिटांत संपत असेल तर ती पळवलेली आहे. काही कंपन्यांनी वेग वाढवूनही सूर पुन्हा जागेवर आणून दिलेला असतो, म्हणून मूळ रेकॉर्डवरच्या एखाद्या गाण्याशी पहिली ओळ ताडून पाहावी. ज्यांच्याकडे अशी प्रत आहे त्यांनी ती टाकून द्यायची गरज नाही. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. एवढ्याने लांबी बरोबर होईल पण सूर चढलेलाच राहील, कारण वेग बदलला तरी हे सॉफ्टवेअर सूर धरून ठेवतं. सेटिंगमधला ‘टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ’ हा पर्याय बंद केला की सूरही खाली येतो. नव्या ब्लू-रे प्रतींत हा घोळ सहसा नसतो.

‘द लास्ट वॉल्ट्झ’चं नाव निघालंच आहे तर तिच्याविषयी थोडं सविस्तर, कारण वर म्हटलेल्या तिन्ही गोष्टी या एका फिल्ममध्ये सापडतात. २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘द बँड’ या चमूने निरोपाचा कार्यक्रम केला. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींनी तो ३५ मिलिमीटरच्या सात कॅमेऱ्यांवर टिपला आणि १९७८ साली फिल्म आली. कोणत्या ओळीला कोणता दिवा आणि कोणता कॅमेरा, हे आधीच कागदावर मांडलेलं होतं. तरीही कॅमेऱ्यात फीत भरायला वेळ लागतोच. मडी वॉटर्स ‘मॅनिश बॉय’ गायला उभे राहिले तेव्हा बाकीचे कॅमेरे थांबलेले होते. कॅमेरामन लास्लो कोवाक्स यांनी कानावरचा हेडसेट काढून ठेवला होता, म्हणून थांबायची सूचना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि त्यांचा एकट्याचा कॅमेरा चालू राहिला. ते गाणं एवढं अंगावर येतं ते त्यामुळेच. चेहऱ्यावरून नजर हलतच नाही. घाम, मिटलेले डोळे, ताणलेली मान, सगळं सलग. पुढच्या वेळी बघाल तेव्हा या गाण्यात किती वेळा कॅमेरा बदलतो ते मोजा.

या फिल्ममध्ये ऐकू येणारं सगळंच त्या रात्रीचं नाही. बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून आणि गाऊन घातलेला आहे. शिवाय ही फिल्म रॉबी रॉबर्टसन या एका गिटारवादकाच्या बाजूने झुकलेली आहे. ड्रमर आणि गायक लेव्हॉन हेल्म यांनी आपल्या आत्मचरित्रात याबद्दल कडक शब्दांत तक्रार केली आहे: इतर सदस्य, विशेषतः रिचर्ड मॅन्युएल, पडद्यावर जेमतेम दिसतात. २०१९ सालची ‘वन्स वेअर ब्रदर्स’सुद्धा रॉबर्टसन यांच्याच तोंडून सांगितलेली आहे. म्हणून ‘द लास्ट वॉल्ट्झ’ सुचवणाऱ्याने सोबत लेव्हॉन हेल्म यांच्यावरची ‘एन्ट इन इट फॉर माय हेल्थ’ही सुचवावी. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय या चमूविषयी बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपण बखरी वाचतो तेव्हा बखरकार कोणाच्या पदरी होता हे आधी विचारतो. रॉक माहितीपटांना हाच प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर शेवटच्या श्रेयनामावलीत असतं. निर्मात्यांच्या यादीत कलाकार, त्याचा व्यवस्थापक, पत्नी किंवा वारस आहेत का ते पाहा. असले म्हणजे फिल्म वाईट ठरत नाही. त्यांच्यामुळेच घरातल्या पेटाऱ्यातल्या टेप, वह्या, चित्रं बाहेर येतात. निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन याच्यावरच्या २०१५ सालच्या ‘मॉन्टाज ऑफ हेक’मध्ये त्याच्या वह्यांतली चित्रं हलती करून दाखवली आहेत. ती मिळाली कारण कुटुंब सोबत होतं, त्याची मुलगी कार्यकारी निर्माती होती. उलट निक ब्रूमफील्ड यांची १९९८ सालची ‘कर्ट अँड कोर्टनी’ कुटुंबाच्या विरोधाला तोंड देत बनली, आणि तिच्यात निर्वाणाची गाणी नाहीत.

हे असं का होतं ते समजून घ्यायला हवं. फिल्ममध्ये एखादं ध्वनिमुद्रित गाणं वापरायला दोन वेगळ्या परवानग्या लागतात. गाण्याच्या रचनेचा हक्क प्रकाशकाकडे असतो आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. कलाकार किंवा त्याचे वारस नाराज असले की दोन्ही दारं बंद होऊ शकतात. म्हणून ऑनलाइन एखाद्या मोठ्या बँडवरचा तासाभराचा माहितीपट दिसला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्या बँडचं एकही गाणं वाजलं नाही, मागे नुसती त्यांच्यासारखी वाटणारी गिटार चालू राहिली, तर समजावं की परवानगी मिळालेली नाही. अशांतले बरेचसे माहितीपट म्हणजे दोन-चार पत्रकारांच्या गप्पा आणि तीच तीच छायाचित्रं. पण ब्रूमफील्डसारखा एखादा माणूस तिथेही नेटाने शोध घेतो, म्हणून सरसकट सगळेच बाद करू नयेत.

बॉब डिलनच्या बाबतीत आपल्या एका वाचकाची फसगत झालेली दिसली, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही. २०१९ सालची ‘रोलिंग थंडर रेव्ह्यू’ १९७५ च्या दौऱ्यावर आहे. तिच्यातली गाणी अस्सल आहेत, आणि त्या दौऱ्यातला डिलन इतर कुठेच इतका पेटलेला दिसत नाही. पण दौऱ्याचं चित्रीकरण केल्याचं सांगणारा व्हान डॉर्प नावाचा दिग्दर्शक कधी नव्हताच, ती भूमिका एका कलावंताने वठवली आहे. टॅनर नावाचा खासदारही अभिनेता आहे. शॅरन स्टोन दौऱ्यात सामील झाल्याची कथा रचलेली आहे. दिग्दर्शक स्कॉर्सेसींनी हे जाणूनबुजून केलं आहे आणि फिल्म चालू असताना तसं सांगितलेलं नाही. त्यामुळे या फिल्ममधल्या गाण्यांवर लिहावं, पण तिच्यातल्या आठवणी पुरावा म्हणून देऊ नयेत. डिलनचा खरा आलेख हवा असेल तर त्याच दिग्दर्शकाची २००५ सालची ‘नो डिरेक्शन होम’ बघा, २०८ मिनिटांची. मात्र तिच्यातही डिलनला प्रश्न विचारणारी व्यक्ती स्कॉर्सेसी नाहीत, डिलनचे व्यवस्थापक आहेत. आणि डी. ए. पेनेबेकर यांची १९६७ सालची ‘डोन्ट लुक बॅक’ तर हवीच. ती १९६५ च्या इंग्लंड दौऱ्याची आहे. निवेदक नाही, समोर बसवून घेतलेली मुलाखत नाही. खांद्यावरचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून चालणारा टेप रेकॉर्डर, एवढ्यावर सगळा कारभार.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ला २०१३ साली ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. डेट्रॉइटमध्ये अंगमेहनतीची कामं करणारा रॉड्रिगेझ आपण दक्षिण आफ्रिकेत घराघरांत पोचलोय हे जाणतच नव्हता, ही हकिगत खरी आहे. पण तो जगभर विस्मृतीत गेला होता असं फिल्म सुचवते, ते खरं नाही. १९७९ आणि १९८१ साली त्याने ऑस्ट्रेलियात दौरे केले होते. फिल्ममध्ये ऑस्ट्रेलियाचा उल्लेखच नाही. शिफारस करताना एवढं एक वाक्य जोडलं की पुरे.

आता बीटल्स. या विषयावर वाचकांत सर्वांत जास्त गोंधळ आहे, आणि तो स्वाभाविक आहे, कारण एकाच महिन्याच्या चित्रीकरणातून दोन फिल्म निघाल्या आहेत. जानेवारी १९६९ मध्ये मायकेल लिंडसे-हॉग यांनी आधी ट्विकनहॅम स्टुडिओत आणि मग सॅव्हिल रो इथल्या ॲपलच्या इमारतीत बीटल्सचं काम टिपलं. त्यातून १९७० साली ऐंशी मिनिटांची ‘लेट इट बी’ आली. मूळ चित्रीकरण १६ मिलिमीटरवर, टीव्हीसाठी म्हणून केलेलं होतं. चित्रपटगृहासाठी ते ३५ वर मोठं करताना चित्र दाणेदार आणि काळपट झालं. बँड फुटल्याची बातमी ताजी होती, त्यात हे काळवंडलेलं चित्र. फिल्मवर उदासपणाचा शिक्का बसला तो कायमचा. पुढे अनेक वर्षं ती अधिकृतपणे मिळतच नव्हती. मे २०२४ मध्ये दुरुस्त केलेली प्रत डिस्ने प्लसवर आली. त्याआधी २०२१ साली पीटर जॅक्सन यांनी त्याच सामग्रीतून, म्हणजे सुमारे ६० तासांचं चित्रीकरण आणि दीडशे तासांहून अधिक ध्वनिमुद्रण यांतून, ‘गेट बॅक’ ही तीन भागांची मालिका केली. एकूण लांबी ७ तास ४८ मिनिटं.

दोन्ही बघायच्या असतील तर आधी ‘गेट बॅक’ बघावी. तिच्यात कॅलेंडरवर तारखा खोडल्या जातात, त्यामुळे कोण कधी चिडलं, १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन का उठून गेला आणि २२ तारखेला बिली प्रेस्टन पियानोवर येऊन बसल्यावर खोलीतली हवा कशी बदलली, हे क्रमाने कळतं. त्यानंतर ‘लेट इट बी’ बघितली की ऐंशी मिनिटांत काय निवडलं आणि काय गाळलं ते आपोआप दिसतं. आठ तासांची धास्ती वाटणाऱ्याने पहिल्या भागातला एकच प्रसंग शोधावा. जॉन अजून आलेला नाही. पॉल बेस गिटार घेऊन खुर्चीत बसलाय आणि ती साध्या गिटारसारखी खरवडतोय. तोंडाने अर्थ नसलेले आवाज काढतोय. जॉर्ज समोर जांभई देतोय, रिंगो नुसता बघतोय. दोनेक मिनिटांत त्या खरवडण्यातून एक चाल वर येते आणि ‘गेट बॅक’ हे गाणं आकार घेतं. रागाच्या आलापीत एखादी जागा अचानक सापडावी तसा हा क्षण आहे, आणि तो कॅमेऱ्यात सापडला हे आपलं भाग्य.

या मालिकेचा आवाज कसा मिळवला तेही सांगायला हवं. चित्रीकरणाच्या वेळी बोलणं टिपणारा नाग्रा टेप रेकॉर्डर एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो होता. खासगी बोलायचं असलं की बँडमधली मंडळी मुद्दाम मोठ्याने गिटार खाजवत बसायची. पन्नास वर्षं ते संभाषण त्या आवाजाखाली दबून राहिलं. जॅक्सन यांच्या चमूने यंत्रशिक्षणाच्या मदतीने गिटार वेगळी केली आणि बोलणं मोकळं केलं. तेच तंत्र पुढे २०२२ साली ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या नव्या मिश्रणाला आणि २०२३ साली ‘नाऊ अँड देन’ या गाण्याला वापरलं गेलं. कधी आवाज चालू असतो आणि पडद्यावर भलतंच दृश्य किंवा स्थिर चित्र येतं, त्याचंही कारण आहे: ४०० फुटांचं १६ मिलिमीटरचं रीळ अकराएक मिनिटांत संपतं, टेप त्याहून जास्त चालते. चित्राबाबत मात्र माझी तक्रार आहे. दाणे घालवण्याच्या नादात काही ठिकाणी चेहरे मेणाचे वाटतात. त्याला टीव्हीवर काही इलाज नाही, पण टीव्हीतलं ‘नॉइज रिडक्शन’ बंद ठेवलं तर निदान त्यात भर पडत नाही.

३० जानेवारी १९६९ चा गच्चीवरचा कार्यक्रम ४२ मिनिटांचा. दहा कॅमेरे लावले होते: काही गच्चीवर, एक समोरच्या इमारतीवर, काही रस्त्यात आणि एक खाली स्वागतकक्षात लपवलेला. वारा माइकमध्ये घुसत होता म्हणून तरुण ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्स यांना बायकांचे पायमोजे आणायला पिटाळलं आणि ते माइकवर चढवले. फिल्ममध्ये माइककडे नीट बघा.

रॉकच्या फिल्ममध्ये आपलं संगीत ऐकायचं असेल तर १९६८ सालची ‘मॉन्टेरी पॉप’ पहिली. जून १९६७ चा कॅलिफोर्नियातला महोत्सव, पुन्हा पेनेबेकर. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने गिटार पेटवली ती इथेच, पण फिल्मचा शेवट त्याच्यावर होत नाही. शेवटची सुमारे १८ मिनिटं पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांची आहेत. सुरुवातीची काही मिनिटं पंडितजी दिसतच नाहीत. कॅमेरा प्रेक्षकांत हिंडतो, झोपलेल्यांवरून जागे होत जाणाऱ्यांवर जातो, हेन्ड्रिक्सही त्यात बसलेला दिसतो. मग बोटं दिसतात, आणि सवाल-जवाब सुरू होतात. हे भाग मोबाइलच्या स्पीकरवर बघू नयेत. डग्ग्याची घुमार त्यात येतच नाही. याच ओळीतली १९७२ सालची ‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या १ ऑगस्ट १९७१ च्या कार्यक्रमाची. तिथे सतार-सरोद जुळवणं चालू असतानाच टाळ्या पडल्या, आणि पंडितजींनी हसून त्याचा समाचार घेतला. अली अकबर खाँसाहेब आणि अल्लारखाँ सोबत आहेत. वादनाचा हा भाग घाईने पुढे ढकलू नका.

क्वीनच्या शिफारशींत बहुतेकांनी ‘बोहेमियन रॅप्सडी’ लिहिली आहे. तो माहितीपट नव्हे, २०१८ चा कथापट आहे, आणि त्यातला काळाचा क्रम बदललेला आहे: लाइव्ह एड या मोठ्या कार्यक्रमाच्या आधीच गायक फ्रेडी मर्क्युरीला आजाराचं निदान झाल्याचं दाखवलंय. लाइव्ह एड १३ जुलै १९८५ ला झालं, निदान त्यानंतरचं. बँडची खरी वाटचाल बीबीसीच्या २०११ सालच्या ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या दोन भागांत आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो वाजवणारा फारूख बलसारा, म्हणजे लहानपणचा फ्रेडी, ज्यांना हवा आहे, त्यांनी २००० सालची ‘द अनटोल्ड स्टोरी’ बघावी. झांझिबार आणि पाचगणी हा भाग तिच्यात येतो.

आपल्याकडचा दुसरा धागा आयर्न मेडनचा. २००९ सालची ‘फ्लाइट ६६६’ त्यांच्या २००८ च्या दौऱ्यावर आहे. बोइंग ७५७ विमानात बँड, कर्मचारी आणि सगळं सामान, आणि वैमानिकाच्या जागी गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः. त्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. दोन डिस्कच्या संचात एकीवर माहितीपट आहे आणि दुसरीवर गाणी पूर्ण, प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. ‘एसेस हाय’ मुंबईचं आहे. ऑनलाइन घेताना दुसरा भाग आहे ना याची खात्री करा.

पिंक फ्लॉइडच्या पॉम्पेई फिल्मचं तर आवृत्तीशिवाय नावच घेऊ नये. ऑक्टोबर १९७१ मध्ये रिकाम्या रोमन प्रेक्षागारात, गावातून लांबच लांब केबल ओढून वीज आणून, एड्रियन मेबेन यांनी ती चित्रित केली. पॉम्पेईत प्रत्यक्ष वाजवलेल्या रचना तीन, बाकीच्या पॅरिसच्या स्टुडिओतल्या. पहिली आवृत्ती तासाभराची, नंतर ॲबी रोड स्टुडिओतले प्रसंग जोडलेली दुसरी, २००३ च्या डीव्हीडीवर संगणकावरची ग्रहताऱ्यांची दृश्यं घुसवलेली तिसरी. २०२५ साली मूळ निगेटिव्हवरून ‘फोर के’मध्ये काढलेली आणि स्टीव्हन विल्सन यांनी ध्वनिमिश्रण केलेली प्रत आली. आज घ्यायची असेल तर हीच. ‘वन ऑफ दीज डेज’मध्ये ड्रमर निक मेसन यांच्या हातातली काठी उडून जाते, आणि ठेका न चुकता ते दुसरी उचलतात. हा क्षण या प्रतीत लख्ख दिसतो.

मेटॅलिकावरची २००४ सालची ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ आधी सांगितलेल्या बखरीच्या नियमाला अपवाद आहे. बँडने स्वतः तिचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडून घेतले आणि तरीही आपली भांडणं, समुपदेशकासमोरची रडारड, काही कापलं नाही. ड्रमर लार्स उलरिक आपल्या लांब पांढऱ्या दाढीच्या वडिलांना नवं ध्वनिमुद्रण ऐकवतो, आणि ते शांतपणे सांगतात की हे पुसून टाक. मुलाचा चेहरा बघवत नाही. एक खुलासा: त्या फिल्ममधला स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, त्यात तुमच्या टीव्हीचा दोष नाही. त्यांनी स्नेअरच्या तारा सोडवून तसाच आवाज मुद्दाम ठेवला होता.

टीव्हीचा दोष असतो तो वेगळ्याच ठिकाणी. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुटी वाजवली तर ती ४१ हर्ट्झला असते. टीव्हीच्या पोटातले छोटे स्पीकर एवढ्या खाली उतरूच शकत नाहीत. बेसवादक पडद्यावर दिसतो, कानाला अर्धाच पोचतो. साधा तारेचा हेडफोन किंवा दोन बरे स्पीकर जोडले तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज चित्रामागे पडतो, सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाने. बोलण्यात ओठ बघूनही तो पटकन ध्यानात येत नाही, ड्रमची काठी बघितली की येतो. शक्यतो तार वापरा; नाहीतर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ फिरवा, किंवा व्हीएलसीत जे आणि के या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी आवाज मागेपुढे करा. घरात पाच स्पीकरचा संच नसेल तर फिल्मच्या मेनूतून ‘स्टिरिओ’ निवडा. ‘५.१’ ठेवलंत तर मागच्या स्पीकरांकडे जाणाऱ्या वाद्यांचा तोल बिघडू शकतो. ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’ आणि संवाद ठळक करणारा पर्याय, तिन्ही बंद. हे पर्याय हळू जागा वर आणि मोठ्या जागा खाली ओढतात, म्हणजे संगीतकाराने ठरवलेला चढउतार पुसून टाकतात. ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ नावाची सोय बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. आणि जुनी चौकोनी फिल्म दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांसकट बघा. पडदा भरायला ‘झूम’ केलं की वरून डोकी आणि खालून गिटारवरचे हात कापले जातात.

ज्याने यांतलं काहीच पाहिलेलं नाही त्याला मी आधी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ देईन. टॉकिंग हेड्सचे हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमधले डिसेंबर १९८३ चे कार्यक्रम, दिग्दर्शक जोनाथन डेमी, ८८ मिनिटं, २०२३ ची दुरुस्त प्रत. काटेकोर बोलायचं तर ती कॉन्सर्ट फिल्म आहे. मोकळ्या रंगमंचावर डेव्हिड बर्न एकटा गिटार आणि टेप घेऊन येतो. (त्या टेपमधून वाजल्यासारखा वाटणारा ठेका प्रत्यक्षात ध्वनिमिश्रकाकडच्या ड्रम यंत्राचा आहे.) दुसऱ्या गाण्याला बेस येतो, तिसऱ्याला ड्रम, चौथ्याला दुसरी गिटार. कोणतं वाद्य आल्याने गाण्यात काय भर पडली, हे डोळ्यांनी बघत ऐकता येतं. प्रेक्षक शेवटाकडे येईपर्यंत जवळजवळ दाखवलेलेच नाहीत. याउलट रोलिंग स्टोन्सवरची ‘गिमी शेल्टर’ पहिली म्हणून कोणाला देऊ नये. ६ डिसेंबर १९६९ च्या आल्टामाँटच्या कार्यक्रमात झालेली अठरा वर्षांच्या मेरेडिथ हंटरची हत्या त्यात खरीखुरी दिसते, आणि बँडचा गायक मिक जॅगर संपादनाच्या टेबलावर ते दृश्य बघतानाही दिसतो. मोठी फिल्म आहे, पण शिफारशीत हे स्पष्ट लिहा.

शेवटी एक आवाहन आपल्या वृत्तपत्रातून व्हावं अशी इच्छा आहे. न्यूयॉर्कमधल्या १९६९ च्या हार्लेम संगीत महोत्सवाचं सुमारे ४० तासांचं चित्रीकरण पन्नासएक वर्षं पडून होतं. ते कोणीतरी जपलं म्हणून २०२१ साली ‘समर ऑफ सोल’ होऊ शकली. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा. तिथे किंवा कॉलेजच्या महोत्सवांत कोणी व्हीएचएस वा हाय-एट कॅमेरा नेला असेल, तर त्या कॅसेट आज कपाटात असतील आणि आपल्या पावसाळ्याने त्यांना बुरशी लागत असेल. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. बुरशी हेडवर बसते, पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते आणि फीत तुटू शकते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे साफ करायला द्या. चांगल्या कॅसेटचा रेकॉर्डिंग रोखणारा टॅब आधी मोडा (हाय-एटमध्ये तो सरकवायचा असतो), म्हणजे चुकून वर काही चढणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून नंतर चालवा. संगणकावर घेताना पाल पद्धतीचं ७२० बाय ५७६, ‘इंटरलेस्ड’ तसंच ठेवा. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. चित्र सुधारणारी सॉफ्टवेअर त्या मूळ फाइलवर चालवू नका, तिची प्रत काढून त्यावर चालवा. दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, अशा तीन प्रती ठेवा. कॅसेट उभ्या ठेवा, आणि लेबलवर तारीख, जागा, बँडचं नाव, गाण्यांचा क्रम आणि कॅमेरा कोणी धरला होता हे आजच पेन्सिलने लिहून काढा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे